वादळाआधीची ताडपत्री

म्हसळ्यातल्या एका गृहस्थांच्या हिशेबात ताडपत्रीची खरेदी आणि पत्र्यांसाठी दुकानदाराला दिलेली आगाऊ रक्कम 6 मे 2020 रोजी नोंदलेली दिसते. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसले ते 3 जूनला. म्हणजे छप्पर उडायच्या जवळजवळ महिनाभर आधी, तेही टाळेबंदीत, या माणसाने छपराची तजवीज करून ठेवली होती!

खरेदी अर्थातच 5 जूनची. संगणकावरचा जुना हिशेब नव्या अ‍ॅपमध्ये हलवला, तेव्हा जुन्या फाइलमध्ये तारीख 05/06 अशी होती. अ‍ॅपने ती अमेरिकन पद्धतीने वाचली, आधी महिना आणि मग दिवस. याच न्यायाने 12 जूनची सुताराची मजुरी 6 डिसेंबरला जाऊन बसली. आणि 13 जूनपासून पुढच्या नोंदी? तेरावा महिना नसतो, म्हणून त्या अ‍ॅपने सरळ गाळल्या. कोणतीही सूचना न देता. पडद्यावर हिरवी खूण आली, तुमची माहिती यशस्वीपणे आणली गेली असे वाक्य आले, आणि दर महिन्यातल्या बाराव्या तारखेनंतरचा संसार गायब झाला.

गृहस्थ आयुष्यभर हिशेबनीस होते, शारजात नोकरी करून परतलेले. त्यामुळे त्यांचा राग साधा नाही, व्यावसायिक आहे. ते आजही कोणी विचारले तर, आणि पुष्कळदा न विचारताही, ही गोष्ट सांगतात. ‘आधी तपासायला हवे होते’ असे मुलाने एकदा म्हणून पाहिले. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले आहे. तारखेचा क्रम विचारणे हे पैसे घेणाऱ्याचे काम, पैसे देणाऱ्याचे नव्हे. या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालणे अवघड आहे.

जुना कार्यक्रम होता मायक्रोसॉफ्ट मनी. 1991 मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरची विक्री कंपनीने 30 जून 2009 ला थांबवली आणि 31 जानेवारी 2011 ला त्याच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या. जुन्या ग्राहकांसाठी ‘सनसेट’ नावाची मोफत आवृत्ती तेवढी ठेवली. ती चालते, पण पुढे कोणी तिची डागडुजी करत नाही. गृहस्थांचा जुना लॅपटॉप खोकू लागला तेव्हा भाच्याने मुंबईहून फोनवर सांगितले, ‘मामा, आता अ‍ॅप घ्या, सगळं मोबाइलवर.’ वर्षाची वर्गणी भरली गेली.

मनीमधून माहिती बाहेर काढायची वाट म्हणजे क्यूआयएफ फाइल. क्विकन या प्रतिस्पर्धी कार्यक्रमाचा हा जुना साचा. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. डी अक्षरापुढे तारीख, टी पुढे रक्कम, पी पुढे कोणाला दिले ते, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी टोपीसारखे एक चिन्ह. तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे, हे मात्र ती फाइल कुठेही सांगत नाही. शिवाय मनी एका वेळी एकाच खात्याची फाइल देतो. त्यामुळे बचत खात्यातून मुदत ठेवीत पन्नास हजार टाकले असतील, तर ती नोंद दोन्ही फाइलींत येते. नव्या कार्यक्रमाला ही जोडी ओळखता आली नाही, तर पन्नास हजारांचे एक लाख होतात. तसे झालेही. कागदावर गृहस्थ काही काळ बरेच श्रीमंत होते.

आता ग्राहकसेवा. या भागावर ते रेंगाळतात आणि ते समजण्यासारखे आहे. पहिल्या मुलीने नम्रपणे सांगितले, ‘सर, आमच्या साइडला इम्पोर्ट सक्सेसफुल दाखवतंय.’ त्यांनी वादळाचे उदाहरण दिले. ती म्हणाली, ‘सर, एंट्री तुम्ही मॅन्युअली एडिट करू शकता.’ वीस-बावीस वर्षांच्या नोंदी! पुढचा मुलगा अधिक चतुर होता. त्याने फाइलच सदोष ठरवली. यांनी त्याला विचारले, ‘बाळा, निसर्ग वादळ कधी आलं?’ पलीकडे शांतता. मग ‘सर, तुमची तक्रार वरच्या टीमकडे पाठवली आहे’ असा निरोप, आणि तक्रार सोडवली म्हणून बंद केल्याचा संदेश. सोडवली कोणी, कशी, हे कोणी सांगितले नाही. वर्गणी परत मागितली तेव्हा एक कलम दाखवण्यात आले, जे अर्थातच खाली बारीक अक्षरांत होते.

यात एवढे चिडण्यासारखे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी कराकडे पाहावे. याच गृहस्थांनी घराचे मोठे बांधकाम काढले आणि कंत्राटदाराला मोठा हप्ता दिला तो 4 फेब्रुवारी 2012 ला. नव्या अ‍ॅपमध्ये तो 2 एप्रिल 2012 चा झाला. म्हणजे आर्थिक वर्षच बदलले. कराच्या हिशेबातला खर्च महागाई निर्देशांक 2011-12 साठी 184 आहे आणि 2012-13 साठी 200. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली जमीन किंवा घर भारतात राहणाऱ्या व्यक्तीने विकले, तर नफ्यावर निर्देशांकाशिवाय 12.5 टक्के किंवा निर्देशांक लावून 20 टक्के, यांतला जो कमी भरेल तो कर लागतो. ही तुलना करायची तर कोणता खर्च कोणत्या वर्षी झाला ते नेमके हवे. चुकीच्या तारखेवर केलेला हिशेब कर अधिकाऱ्याने उलटा तपासला की मग ‘आमच्या साइडला सक्सेसफुल’ हे वाक्य कामाला येत नाही.

जुने सॉफ्टवेअर बंद पडून हिशेब हलवण्याची वेळ फक्त म्हसळ्यातच येते असे नाही. पुण्यात जन्मलेले वॉलनट हे अ‍ॅप बँकांचे एसएमएस वाचून खर्च मांडायचे आणि घराघरांत पोचले होते. 2018 मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतले आणि पुढे अ‍ॅक्सिओ या नावाखाली गेले. अमेरिकेतले मिंट, 2009 मध्ये इंट्यूटने विकत घेतलेले, मार्च 2024 मध्ये बंद झाले. तिथल्या मराठी कुटुंबांतही त्या वेळी नोंदी उतरवून घेण्याची धावपळ झाली असणार. सॉफ्टवेअर माणसापेक्षा आधी जाते, हे धरूनच चालायला हवे.

गृहस्थ आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतात. काही सल्ले कोणीही देईल: बॅकअप घ्या, पासवर्ड लिहून ठेवा, अटी वाचा. पण काही खास त्यांचे आहेत. सगळी खाती एकदम हलवू नका, एक लहान खाते आधी न्या. तेही असे निवडा की त्यात बारा तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही नोंदी असतील. नंतर प्रत्येक 31 मार्चची शिल्लक जुन्यात किती, नव्यात किती आणि पासबुकात किती, हे तीन रकाने कागदावर मांडा. पहिल्या वर्षीच फरक दिसला तर पुढे जाऊ नका. शिल्लक जुळली तरी वर्षागणिक नोंदींची संख्या जुळवा, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडणारी साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडून तशीच पुन्हा जतन करू नका, हा त्यांचा दुसरा हट्ट. लांबलचक खाते क्रमांकाचे तिथे 1.23ई+13 होते आणि जतन केले की मूळ आकडे कायमचे जातात. सुरुवातीचे शून्यही उडतात. रकमेतला स्वल्पविराम आणखी वाईट. अवतरणात नसेल तर 1,25,000 चे तीन वेगळे रकाने होतात. ज्यांनी शेरे मराठीत लिहिले आहेत त्यांनी फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे ना ते पाहावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असेल, तर आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. नाहीतर ‘वाडीची बेणणी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळतो.

सध्या ते ग्नूकॅश वापरतात. मोफत आहे, द्विनोंदी पद्धतीवर चालते आणि त्याचे मराठी भाषांतरही आहे, जरी गृहस्थ स्वतः ते इंग्रजीतच चालवतात. तारखेचा क्रम संदिग्ध असला की ते थांबून विचारते. एवढ्या एका प्रश्नावर ते या सॉफ्टवेअरला सगळे माफ करायला तयार आहेत, आणि माफ करण्यासारखे थोडे आहेच. दिसायला ते रूक्ष आहे आणि मोबाइलवर त्याचा फारसा उपयोग नाही. सर्व खात्यांच्या क्यूआयएफ फाइली एकाच बैठकीत दिल्या, तर ते आपापसांतल्या हस्तांतरणाच्या जोड्या लावते. एकेक करून दिल्या तर पन्नास हजारांचे पुन्हा लाख होण्याची भीती असते.

ज्या कंपनीने पैसे घेतले तिच्याविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. इतरांनीही नोंदवावी, असे ते म्हणतात. मात्र त्याआधी पडद्याची छायाचित्रे आणि सगळे संदेश जपून ठेवावेत, कारण अ‍ॅप काढून टाकले की त्यातल्या गप्पाही जातात. वर्गणीचे काय झाले ते विचारले की त्यांचा चेहरा बदलतो, म्हणून फार कोणी विचारत नाही.

शारजाची खाती मात्र त्यांनी ग्नूकॅशमध्ये आणलीच नाहीत. वर्गणीच्या त्या अ‍ॅपला एकच चलन कळत होते, त्यामुळे तिथे पाचशे दिरहॅमचे घरभाडे पाचशे रुपये झाले होते. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, रुपया तसा नाही. प्रत्येक नोंदीला त्या दिवसाचा दर शोधणे म्हणजे नोकरी पुन्हा सुरू करणे. गावी परतण्याच्या दिवसाची शिल्लक रुपयांत एकरकमी आरंभीची शिल्लक म्हणून टाकली, तिला पैसे पाठवल्याच्या बँकपावत्यांचा आधार जोडला आणि त्यामागचे सगळे जुन्या मनीत वाचण्यापुरते राहू दिले. आखातातून परतलेल्या इतरांनाही ते हेच करायला सांगतात.