पदकाची कड : एक इतिहाससाधन

प्रस्तुत भागात आपण धातूवर लिहिलेल्या एका साधनाचा परिचय करून घेऊ. लालबाग-परळच्या चाळींतील अनेक कुटुंबांचे मूळ रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यात आहे. मराठा पलटणींची भरतीही याच जिल्ह्यांतून होत असे. त्यामुळे तुमच्या घरातील जुन्या ट्रंकेत पणजोबांचे एखादे पदक असण्याचा संभव आहे.

पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ घ्या. व्यास 36 मिलिमीटर. एका बाजूस पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही वर्षे. अशी लक्षावधी पदके निघाली. अभ्यासकाने पाहायची ती त्याची कड. तेथे रोमन अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असते. नाव इंग्रजी कानाने लिहिलेले असल्याने ते मोठ्याने उच्चारून पाहावे. पलटण 103, 110 किंवा 117 असल्यास मेसोपोटेमियातील कूतचा वेढा आठवावा. तेथील सैन्य 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेले. मात्र पलटण वेढ्यात होती म्हणून तो शिपाईही होता, असे सिद्ध होत नाही. तो मागाहून भरती झालेला असू शकतो.

क्रमांक 111 असल्यास ती महार पलटण. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती. परळच्या चाळीत राहिलेल्या डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी हे त्याआधीच्या पिढीतील सुभेदार. महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा 1917 मध्ये ही पलटण उभारली गेली आणि 1921 मध्ये मोडली गेली. एवढ्या अल्पायुषी पलटणीचे नाव ज्या कडेवर आहे, ते पदक कागदपत्राच्या तोडीचे मानावे.

धातूकडेही लक्ष द्यावे. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक मिळे, श्रमिक पथकांतील भारतीयांना ब्राँझचे. पुढे या चांदीनेच घात केला. अडीनडीला पदक सराफाकडे गेले की ते वितळत असे. चोरबाजारासारख्या ठिकाणी सुटे पदक दिसले, तर त्याचे जोडीदार कोठे गेले हा प्रश्न विचारावा. फितीवर विसंबू नये. ती सहज बदलता येते. आणि पदक चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह टाळावा, कारण घासण्याने कडेवरची अक्षरेही झिजतात.

कृती : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या पदकाची कड भिंगातून वाचा. मजकूर जसाच्या तसा उतरवा, खाली देवनागरी रूप लिहा आणि त्या व्यक्तीविषयी घरातील वडीलधाऱ्यांना असलेली माहिती वेगळ्या रकान्यात नोंदवा.