एकट्याचे दुकान

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येत. वय पन्नाशीच्या पुढे. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली, की शेतकरी ती खोलून यांच्याकडे आणी. मिस्त्री जळकी तार काढीत, नवी भरीत, वार्निश देत आणि मोटार पुन्हा पाणी ओढू लागे. हाताला गुण होता. त्यांनी भरलेली मोटार सहसा परत येत नसे.

एका उन्हाळ्यात मिस्त्रींना कावीळ झाली. दुकान महिनाभर बंद. इकडे पिके करपू लागली. गिऱ्हाईक थांबणार तरी किती दिवस? लोक तालुक्याला जाऊ लागले, आणि मिस्त्री बरे होऊन दुकानात बसले तेव्हा त्यांतले बरेच जण परत आलेच नाहीत.

आम्ही भेटायला गेलो. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, एखादा पोरगा हाताखाली घ्यावा म्हणतो. पण माझं काम त्याला कसं जमायचं?"

हा प्रश्न एकट्या मिस्त्रींचा नाही. शिंपी, सुतार, गवंडी, घरी पापड लाटून विकणारी बाई, सगळ्यांचा आहे. काम वाढते, पण हात दोनच राहतात.

आधी हिशेब पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. एक मोटार भरण्याचे ३००० रुपये मिळतात असे धरा. तार, कागद, वार्निश यांना १८०० जातात. उरले १२००. मिस्त्री एकटे महिन्याला १२ मोटारी भरतात. म्हणजे सुटले १४,४०० रुपये. आता मुलगा ठेवला आणि १८ मोटारी होऊ लागल्या. उरले २१,६००. त्यातून मुलाचा पगार ७००० वजा करा. राहिले १४,६००.

किती वाढले? फक्त दोनशे रुपये! आणि मुलाच्या हातून एक मोटार चुकली, ती पुन्हा फुकट भरून द्यावी लागली, तर १८०० रुपयांची तार गेली. म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी.

हे ऐकून मिस्त्री म्हणाले, "मग कशाला हा उपद्व्याप?" आम्ही म्हटले, कावीळ आठवा. मुलगा तयार असता तर दुकानाची फळी उघडी राहिली असती. पहिले वर्ष कमाईचे नसते, ते शिकवण्याचे असते. ते सोसायची तयारी नसेल, तर एकट्याने काम करण्यातही काही कमीपणा नाही. पुष्कळ चांगले कारागीर जन्मभर एकटेच राहतात. पण मग आजारपणासाठी चार पैसे बाजूला हवेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव तुम्ही पंपावर वाचले असेल. त्यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले. तिथे कळले, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक शाळेत तेच शिकवू लागले. पुढे हक्काची बढती मिळाली नाही, म्हणून नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला.

नांगर केला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते असे शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. विचार करा, दोन वर्षे माल पडून! त्यातून निभावले, तोच बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

आम्हाला या गोष्टीतले एकच सांगायचे आहे. लक्ष्मणरावांनी सगळे आपल्याच हातात ठेवले नाही. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे होता. यंत्रांच्या कामात शंभूराव जांभेकर होते. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण तिथे ते इंजिनियर झाले. आणि लक्ष्मणराव तर यंत्रांची चित्रे काढणारे. भाग कागदावर नीट काढला, माप लिहिले, की दुसराही तो करू शकतो. डोक्यात ठेवला, तर मालकाशिवाय कुणालाच येत नाही.

मिस्त्रींचे सगळे डोक्यात होते. कोणत्या मोटारीला किती खाचा, कितव्या नंबरची तार, एका खाचेत किती वेढे, सारे पाठ. तीस वर्षे असेच चालले, कारण लिहिता येत नव्हते. वर्गात अक्षर बसल्यावर त्यांनी एक वही केली. मोटार आली, की आधी लिहायचे: मालकाचे नाव, तारीख, किती घोड्यांची, खाचा, तारेचा नंबर, वेढे. अक्षर वेडेवाकडे, पण आकडे स्वच्छ. मग मुलगा ठेवला. पहिल्या चार महिन्यांत दोन मोटारी जळाल्या. मिस्त्री ओरडले, पण मुलाला काढले नाही. दोन्ही वेळा चूक काय झाली तेही वहीत लिहिले.

पैशाची दुसरी वही मात्र आम्हीच मागे लागून करून घेतली. उधारी हा मोठा खड्डा आहे. शेतकरी म्हणतो, उसाचे बिल आले की देतो. पण तार रोखीने आणावी लागते. वरच्याच हिशेबात पाहा: महिन्याला १८ मोटारी, त्यांतल्या निम्म्या उधार. नऊ मोटारींची तार झाली १६,२०० रुपयांची. बिल तीन महिन्यांनी आले, तर ४८,६०० रुपये लोकांकडे अडकले. काम जितके वाढेल, तितके हे अडकणे वाढते. भरपूर काम असूनही दुकाने बुडतात ती अशी. म्हणून मिस्त्रींनी नियम केला: तारेचे पैसे आधी, मजुरी मागून. दोनचार जण रुसले. बाकीच्यांनी मानले.

आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली. गल्ल्यातून घरखर्चाला वाटेल तेव्हा पैसे उचलायचे नाहीत. जसा मुलाला पगार, तसा स्वतःलाही ठरलेला पगार. हे घरात पटवायला त्यांना बरेच दिवस लागले, असे त्यांच्या मंडळींनीच आम्हाला हसत सांगितले.

कर्ज काढायचे तर सावकाराआधी बँकेत विचारा. मुद्रा योजनेत लहान धंद्याला तारण न ठेवता कर्ज मिळते; पहिली पायरी ५०,००० रुपयांपर्यंतची आहे. धंद्याची 'उद्यम' नोंदणी आधार कार्डावर होते आणि सरकार तिची फी घेत नाही. आणि बँकेचा साहेब वही पाहायला मागतो, बरे का.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री नातवाच्या बारशाला तीन दिवस लेकीच्या गावी गेले. मागे पाच घोड्यांची एक मोटार आली. तशीच मोटार वहीत होती. मुलाने पान काढले, वाचले आणि एकट्याने मोटार भरून दिली. मिस्त्री परत आले ते पिशवी ओट्यावर टाकून सरळ त्या विहिरीवर गेले. मोटारीला हात लावून पाहिला, तापली आहे का म्हणून. पाणी चांगले पडत होते. तरी अर्धा तास तिथेच बसून राहिले. मग घरी आले आणि वहीच्या त्या पानावर, तारखेपुढे, मुलाचे नाव लिहिले.