नगर, अहमदनगर, अहिल्यानगर : उधारीची यादी काढताना कंस विसरू नका

व्हिडिओत हा भाग घाईत उरकला, म्हणून इथे जरा सावकाश सांगतो.

आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पण दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय असतं? जुन्या नोंदी ‘अहमदनगर’, नव्या ‘अहिल्यानगर’ आणि काउंटरवरच्या पोराने घाईत टाकलेलं नुसतं ‘नगर’. शहर एकच, नावं तीन. आता शहरातल्या उधारीवाल्यांना आठवणीचा मेसेज पाठवायचाय. म्हणजे तीनपैकी कुठलंही नाव चालेल, आणि बाकी शून्यापेक्षा जास्त हवी.

मी जँगोमध्ये हे एका ओळीत लिहिलं. तिथे एकेक अट ‘क्यू’मध्ये ठेवून जोडतात, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, अँडचं चिन्ह म्हणजे ‘आणि’. तीन नावं उभ्या रेघेने जोडली, शेवटी अँड लावून बाकीची अट. मेसेज गेले. दुसऱ्या दिवशी एक काका मोबाईल पुढे धरून दुकानात उभे. दिवाळीलाच त्यांनी पै न पै चुकती केली होती. चार गिऱ्हाईकांसमोर काय बोलणार!

शाळेतलं कंचेभागुबेव आठवा. गुणाकार आधी, बेरीज नंतर. डेटाबेसमध्ये ‘आणि’ हा गुणाकार, ‘किंवा’ ही बेरीज. त्यामुळे बाकीची अट फक्त शेवटच्या ‘नगर’ला चिकटली. अहमदनगर आणि अहिल्यानगर लिहिलेले सगळेच यादीत आले, उधारी असो वा नसो.

पाच नोंदींवर करून बघा: अहमदनगर बाकी 0, अहमदनगर 1200, अहिल्यानगर 800, नगर 0, संगमनेर 500. आपल्याला हवेत दोघं, 1200 आणि 800 वाले. बिनकंसाची ओळ तिघं देते, वर शून्यवाले काका. आणि ‘नगर 0’ मात्र बरोबर गाळला जातो, म्हणून वरवर बघितलं तर सगळं ठीक वाटतं.

उपाय सोपा. तिन्ही नावांना एक कंस, मग ‘आणि’. किंवा नावांचा एक फिल्टर आणि त्याला जोडून बाकीचा दुसरा फिल्टर. जँगो असे फिल्टर ‘आणि’नेच जोडतो. लारावेलमध्येही ‘ऑर व्हेअर’ची हीच खोड आहे, तिथे ‘व्हेअर’च्या आत फंक्शन देऊन गट करावा लागतो. इथे रकाना एकच असल्याने तिन्ही नावांची यादी ‘इन’ला दिली तरी भागतं, मी आता तेच करतो. फक्त ‘ज्यात नगर आहे ते सगळे’ असा शॉर्टकट मारू नका, संभाजीनगर आणि उल्हासनगरही येतील!

काउंटरची विक्री आणि ऑनलाइन ऑर्डर वेगवेगळ्या टेबलात असतील तर ‘युनियन’ वापरतात. त्यात एक मेख आहे. साधं युनियन हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवतं. फक्त तारीख आणि रक्कम घेतली, तर एकाच दिवशीची 250 ची दोन बिलं एक होतील आणि गल्ला कमी दिसेल. बिल नंबर सोबत घ्या किंवा जँगोत ‘ऑल’ ट्रू करा.

आणि मेसेज पाठवायच्या आधी क्वेरी प्रिंट करून एसक्यूएलमधले कंस बघा. डेव्हलपर दुसरा असेल, तर त्याच्याकडून याच पाच नोंदी चालवून घ्या.