डीबीएच्या नोकरीत पुढे काय? तळोजा-पनवेलच्या वाचकांच्या शंका

डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजेच डीबीए, या नोकरीच्या भवितव्याबद्दल तळोजा-पनवेल भागातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार शंकांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

शंका : मुलगी बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डीबीए व्हायचे आहे. क्लाउड आल्यापासून हे काम संपले, असे नातेवाईक सांगतात. तिला या वाटेने जाऊ द्यावे का? — एक आई, तळोजा फेज १

समाधान : जरूर जाऊ द्या, ताई. फक्त पहिल्याच नोकरीत ‘डीबीए’ हे पद मिळेल, अशी आशा धरू नका. चालू व्यवहारांचा डेटाबेस कोणतीही कंपनी नवख्याच्या हाती सोपवत नाही. पूर्वी फ्रेशर्सना शिफ्टमध्ये बसवून बॅकअप झाला का, डिस्क भरत आली का, हे पाहायला लावत आणि तिथून ती मुले वर चढत. ती पहिली पायरीच आता झिजली आहे. ॲमेझॉनची आरडीएस सेवा २००९ मध्ये सुरू झाली, ओरॅकलचा स्वयंचलित डेटाबेस २०१८ मध्ये आला. बॅकअप, पॅचिंग आणि पर्यायी सर्व्हर उभा करणे ही कामे या सेवा स्वतःच करतात.

मात्र क्वेरी का रखडली, कोणता इंडेक्स हवा, कोणाला कोणता डेटा दिसावा, क्लाउडचे बिल का फुगले, हे ठरवायला माणूसच लागतो. कायद्यानेही ही जबाबदारी वाढवली आहे. पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा मुलीला एसक्यूएल आणि लिनक्स पक्के करू द्या आणि ॲप्लिकेशन सपोर्ट, क्लाउड सपोर्ट किंवा डेटा इंजिनिअरिंगमधून आत शिरू द्या. डीबीएची खुर्ची तिथून काही वर्षांत गाठता येते.

शंका : तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यात बारा वर्षे ओरॅकल सांभाळतो. कंपनी आता सॅपच्या नव्या आवृत्तीवर जाणार आहे. माझी नोकरी राहील का? — एक नोकरदार, तळोजा पाचनंद

समाधान : तुमची काळजी रास्त आहे. सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो. नवी एस/४ हाना प्रणाली फक्त हाना या सॅपच्याच डेटाबेसवर चालते, ओरॅकलवर चालत नाही. म्हणजे कारखान्याचा मुख्य डेटाबेस म्हणून ओरॅकलचे दिवस मोजकेच उरले आहेत.

पण स्थलांतराच्या काळात तुमच्याइतका उपयोगी माणूस कंपनीला दुसरा मिळणार नाही. कोणती टेबले अवाढव्य झाली आहेत, कोणता जुना डेटा आधी अर्काइव्ह करावा, प्लांट किती तास बंद ठेवता येईल, हे बाहेरून आलेल्या सल्लागाराला तुम्हालाच विचारावे लागेल. शिवाय कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जुने हिशेब नव्या प्रणालीत नेले नाहीत, तर जुना डेटाबेस निदान वाचण्यापुरता चालू ठेवावा लागतो.

स्थलांतराचा हा काळ हातातून जाऊ देऊ नका. प्रकल्पाच्या टीममध्ये आपले नाव घालायला साहेबांना आजच सांगा. हानाचे बॅकअप, रिकव्हरी आणि रेप्लिकेशन शिका, सोबत सॅप बेसिसचे, म्हणजे सॅप प्रणालीच्या तांत्रिक देखभालीचे, काम हाती घ्या. बऱ्याच कंपन्यांत हाना बेसिसचीच माणसे सांभाळतात, त्यामुळे तुमची पुढची नोकरी त्या नावाने निघेल.

शंका : महापे, ऐरोली, पनवेल सगळीकडे डेटा सेंटर उभी राहत आहेत. आम्हा स्थानिक मुलांना तिथे डीबीएची कामे मिळतील का? — एक पदवीधर, पेंधर

समाधान : इथे गैरसमज आहे, तो दूर व्हायला हवा. पनवेलमध्ये योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. अशा इमारतीत मुख्यतः वीजपुरवठा, जनरेटर, कूलिंग, नेटवर्क आणि सुरक्षेची माणसे लागतात. तिथल्या सर्व्हरवरचा डेटाबेस सांभाळणारी माणसे बहुतेक वेळा ग्राहक कंपनीची किंवा तिने नेमलेल्या आयटी कंपनीची असतात आणि ती पुण्यात वा बंगळुरूतही बसतात.

तुम्ही इलेक्ट्रिकल किंवा नेटवर्किंग शिकला असाल, तर डेटा सेंटरमध्ये जरूर अर्ज करा. डीबीएच व्हायचे असेल, तर बँका, विमा कंपन्या, शेअर बाजाराशी संबंधित संस्था आणि त्यांना सेवा देणाऱ्या आयटी कंपन्यांकडे पाहा. नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर–बेलापूर मेट्रो धावते आहे. बेलापूरला लोकल धरली की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी पार्कपर्यंतची रोजची ये-जा जमण्यासारखी आहे.

शंका : एक क्लास शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देतो. फी भरायला कर्ज काढावे लागेल. काढू का? — एक तरुण, नावडे

समाधान : काढू नका. नोकरी देणे क्लासच्या हातात नसते. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळतो, त्याची कागदपत्रे उत्तम आहेत आणि साध्या लॅपटॉपवर तो चालतो. मी सांगतो तो सराव करा. एक लाख ओळींचे टेबल तयार करा. वॉल फाइली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली, दुसऱ्या फोल्डरमध्ये जमा होतील अशी सोय करा. मग पूर्ण बॅकअप घ्या. त्यानंतर आणखी काही ओळी भरा, घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि सव्वाअकराला टेबल उडवून द्या. आता डेटाबेस अकरा वाजून चौदा मिनिटांच्या स्थितीत परत आणा. शेवटच्या ओळीही जशाच्या तशा परत मिळाल्या, तर सराव जमला.

हा सराव इतका महत्त्वाचा का, ते गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या घटनेवरून कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसच उडाला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने बरेच दिवस होतच नव्हता आणि अपयशाचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. मधल्या सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

मुलाखतीला जाल तेव्हा सर्टिफिकेटच्या आधी हा सराव सांगा, कुठे अडलात आणि कसे सोडवलेत तेही सांगा. बॅकअप घेणारे पुष्कळ असतात, तो रिस्टोअर करून पाहणारे थोडे असतात. ज्याने रिस्टोअर करून पाहिला आहे, त्याला या बाजारात अजूनही काम आहे.