सुकटीचा वास

नाशिकच्या एका स्विचगिअर कारखान्यात मी ३१ वर्षं टेस्टिंगला होते. मोल्डेड केस सर्किट ब्रेकर बेंचवर घ्यायचा, ठरलेला करंट सोडायचा, प्रत्येक पोलचा एमव्ही ड्रॉप, म्हणजे त्यावर पडणारे मिलिव्होल्ट, बघायचा आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की लाल चिकटपट्टी लावून माल बाजूला काढायचा, हे माझं रोजचं काम. कॉन्टॅक्टचा रोध वाढला की ब्रेकर तापतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला लेकीच्या घरी एक ब्रेकर दीड महिना जळत राहिला आणि तो पडला की खटका परत वर करणारी मीच होते.

घर साठच्या दशकातलं, बैठं. १९५५ मध्ये क्युपर्टिनो शहर झालं, जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा जाऊन वसाहती उभ्या राहिल्या, त्या काळातली अशी घरं इथे अजून पुष्कळ आहेत. तेव्हा घराला १०० अँपिअरचं पॅनेल भरपूर वाटायचं. आता त्याच पॅनेलवर इलेक्ट्रिक गाडी येऊन बसते. आपल्याकडे घरातल्या छोट्या ब्रेकरला एमसीबी म्हणतात आणि मोठ्याला एमसीसीबी. अमेरिकेत मात्र घरातला ब्रेकरसुद्धा मोल्डेड केसच्याच मानकात मोडतो. म्हणजे माझाच माल, माझ्याच ओळखीचा.

२०२२ च्या उन्हाळ्यात गाडी आली. ती ४० अँपिअर घेते. तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला ब्रेकर सव्वापट हवा असा इथला नियम, म्हणून ५० अँपिअरचा, दोन पोलचा. इथवर सगळं बरोबर होतं. पण परमिट काढलं नाही. ओळखीतून एक माणूस आला, त्याने आणलेला ब्रेकर पॅनेलच्या कंपनीचा नव्हता. दाराच्या आतल्या लेबलवर कोणते ब्रेकर चालतात ते छापलेलं असतं, त्यात हा नव्हता. मी ते लेबल वाचलं. तो म्हणाला, बसतोय ना, मग झालं. दाबून बसवला, टर्मिनलचे स्क्रू मनगटाच्या अंदाजाने आवळले. मी विचारलं, "टॉर्क?" त्याने मनगट दाखवलं. मी गप्प बसले. जावयांच्या घरी पाहुणी म्हणून आलेली, कशाला शब्द वाढवायचा, असं वाटलं. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅलिफोर्नियात उन्हाने कहर केला. ६ तारखेला राज्याच्या ग्रिडवरची मागणी ५२,०६१ मेगावॉटपर्यंत गेली, तोवरचा उच्चांक, आणि वीज जपून वापरा असे संदेश लोकांच्या फोनवर वाजले. त्याच आठवड्यात एका दुपारी गाडी चार्ज होताना ब्रेकर पडला. पॅनेल दक्षिणेच्या भिंतीवर, पत्रा हात लावू देत नव्हता. ब्रेकरचं गणित ४० अंश सेल्सिअस धरून बसवलेलं असतं, त्यापुढे तो कमी करंटला पडतो. मीच हे सगळ्यांना समजावून सांगितलं. अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्या सत्यावर आम्ही निर्धास्त झालो.

ऑक्टोबरात हवा गार झाली. रात्री १२ नंतर दर स्वस्त, म्हणून गाडी तेव्हापासून चार्ज व्हायची. एका सकाळी ब्रेकर पडलेला. पुन्हा चार दिवसांनी. मी खटका वर करत गेले. एकदा पहाटे मागच्या अंगणात फेऱ्या मारताना सुकट भाजल्यासारखा वास आला. शेजारी कुणी मासे करत असेल असं म्हणून मी पुढे गेले. तिसऱ्या दिवशी तोच वास, आणि शेजारचं घर बंद, माणसं गावाला गेलेली. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तापलेल्या प्लास्टिकचा, इन्सुलेशनचा वास पुष्कळदा असाच मासळीसारखा येतो. कारखान्यात तो किती वेळा घेतला होता मी.

लेकीला उठवलं, गाडी बंद केली, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने कव्हर काढून काही मिनिटांपुरती गाडी लावली आणि बसबारपासून, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीपासून, ब्रेकरच्या टर्मिनलपर्यंतचा ड्रॉप दोन्ही पोलवर मोजला. करंट ४० अँपिअर. डावा पोल ७० मिलिव्होल्ट, उजवा ४८०. मी मनातच गुणाकार केला: डाव्यावर तीन वॉटसुद्धा नाही, उजव्यावर १९. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास जाणारी उष्णता, नखाएवढ्या जागेत, भिंतीच्या आत, रात्रभर. ब्रेकर उपसला तेव्हा बसबारला पकडणारा उजव्या बाजूचा चिमटा निळा-काळा पडलेला होता, शेजारच्या प्लास्टिकला फोड आला होता आणि बसबारच्या पात्यावर खड्डे होते.

हे असं का होतं ते सांगते. दोन धातू एकमेकांवर दाबले तरी ते सगळ्या पृष्ठभागाने टेकत नाहीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या मोजक्या टोकांवर टेकतात. करंट तेवढ्याच टोकांतून जातो. पकड ढिली असेल, मापात नसेल, मध्ये ऑक्साइड धरला असेल, तर टोकं आणखी कमी होतात आणि तिथे उष्णता होते. उष्णतेने चिमट्याची ताकद उतरते, दाब घटतो, रोध आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, म्हणून दिव्यां-पंख्यांवर वर्षानुवर्षं चाललेला जोड गाडीवर महिन्यात जळतो. आणि ब्रेकर ओव्हरलोड ओळखतो तो करंटवरून. त्याच्या लेखी ४० अँपिअर म्हणजे सगळं ठीक. आमचा पडत होता तो केवळ चिमट्याची धग आतल्या, तापून वाकली की ब्रेकर पाडणाऱ्या बायमेटल पट्टीपर्यंत पोचत होती म्हणून. ती पोचली नसती तर तो पडलाही नसता.

म्हणून माझं सांगणं हे, की क्षमतेपेक्षा कमी लोडवर ब्रेकर पडला तर तो 'कमजोर झाला' म्हणून जास्त अँपिअरचा बसवू नका आणि पुन्हा पुन्हा खटकाही वर करू नका. कुठेतरी उष्णता आहे, ती शोधून घ्या. साध्या मल्टिमीटरने ओहम मोजून समाधान मानू नका. त्याच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ओहमच्या एक-दोन दशांशाइतका असतो, आणि आपल्याला शोधायचा आहे तो ओहमचा शंभरावा भाग. लोड चालू असताना मिलिव्होल्ट मोजायला सांगा, नाहीतर मायक्रो-ओहम मीटर आणायला सांगा. एका ब्रेकरच्या पोलांमध्ये सर्वांत कमी आकड्यापेक्षा दुसरा ५० टक्क्यांहून जास्त निघाला, तर तपास झालाच पाहिजे. थर्मल कॅमेरा असेल तर चकचकीत धातूवर नको, काळ्या प्लास्टिकवर रोखायचा. सारख्या लोडच्या दोन सारख्या जागांत १५ अंशांहून जास्त फरक म्हणजे आता वाट बघत बसायची सोय नाही, लगेच दुरुस्ती.

हे काम स्वतः करू नका. मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. आपल्याकडे काही वायरमन ब्रेकर खोलून कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर मारतात, वरून कसलातरी स्प्रे उडवतात. मोल्डेड केस उघडायची नसते. कॉन्टॅक्टवरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर घासला की गेला. पुण्या-ठाण्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता चार्जर लागत आहेत, तिथे अॅल्युमिनिअमच्या केबलचं लग नीट क्रिम्प केलंय का आणि स्क्रू टॉर्क पान्याने आवळलेत का, हे कमिटीने उभं राहून बघावं. अमेरिकेच्या विद्युत संहितेत २०१७ पासून टॉर्क मोजून आवळणं सक्तीचं आहे. मनगटाचा अंदाज चालत नाही, माझ्या ३१ वर्षांच्या मनगटाचाही नाही.

आमचं पॅनेल बदललं, या वेळी परमिट काढून आणि शहराच्या इन्स्पेक्टरकडून तपासून. नव्या ब्रेकरचे दोन पोल ४० अँपिअरला ६२ आणि ६५ मिलिव्होल्ट दाखवतात. आज रात्री तुमच्याकडे गाडी चार्जिंगला लागेल, तेव्हा तासाभराने पॅनेलपाशी जाऊन कशालाही हात न लावता नुसता वास घ्या. सुकट भाजल्यासारखा आला, तर आधी गाडी थांबवा.