श्वासाच्या पुढे : आनापान ते विपश्यना

विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आलेले उपासक-उपासिका आपल्या समाजात आता बरेच आहेत. विहारात भेट झाली की एक प्रश्न हमखास निघतो, "श्वासावर मन टिकते, पण पुढे काय?" हा प्रश्न आम्हालाही अनेक वर्षे पडला होता. त्यासंबंधी जे थोडेफार उमगले ते येथे मांडीत आहोत.

कल्याणमित्र सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही विद्या घेतली व १९६९ साली ते ती घेऊन भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे भरत आहेत. शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान, म्हणजे येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास नाकपुड्यांपाशी जाणणे. विपश्यना चौथ्या दिवशी सुरू होते. घरी परतल्यावर मात्र आपल्यापैकी पुष्कळजण त्या पहिल्या तीन दिवसांतच राहतात. आसन किती वेळ हलले नाही, अंगाला मुंग्या आल्या का, हलके वाटले का, याचीच चर्चा चालते. जणू परीक्षेचे गुणच!

महासतिपट्ठान सुत्तात तथागतांनी यासाठी कातारीचा दृष्टांत दिला आहे. लाकूड कातणारा कुशल कारागीर लांब फिरकी घेताना लांब घेतो आहे हे जाणतो, आखूड घेताना आखूड हे जाणतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपण लहानपणापासून पाहत आलो. शिकाऊ मुलाचे सगळे लक्ष पटाशी कशी धरायची याकडे असते, मुरलेल्या कारागिराचे लाकडाकडे. पटाशी त्याच्याही हातात असतेच. सुत्तही श्वासापाशी थांबत नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, हातपाय आखडणे-पसरणे, खाणे-पिणे, बोलणे आणि गप्प राहणे, हे सर्व सजगतेच्या कक्षेत आणले आहे. त्यापुढे वेदना, चित्त आणि धम्म यांची अनुपश्यना येते.

आमची स्वतःची गोष्ट सांगतो. एके दिवशी पहाटे तासभर उत्तम बैठक झाली, मन अगदी निवांत. त्याच दिवशी बँकेत पेन्शनची गर्दी. एका म्हाताऱ्या बाईंचा अंगठा मशीनवर उठेना. तीनदा झाले, चारदा झाले. आम्ही खेकसलो. त्या हळूच म्हणाल्या, "झिला, सुंगटां सोलून बोटां झिजली रे." पहाटेची ती शांतता कोठे गेली होती? आम्ही श्वास पाहण्यात तरबेज झालो होतो, पण काउंटरवर छातीत उठलेली धग आमच्या ध्यानीच आली नाही.

खरी साधना येथे सुरू होते. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, ही प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आपण पाठ म्हणतो. सुखद वेदना हवीशी वाटते, दुःखद नकोशी. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये क्षणभर फट असते. धग जाणवली, ती बदलते आहे हे पाहिले, तर तोंडातून शब्द निघण्याआधी आपण सावध होतो. आसनावर मुंग्यांची वाट पाहत बसणे हीसुद्धा तृष्णाच, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

काही बंधू विचारतात, डोळे मिटून बसल्याने समाजाचे काय भले होणार? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धम्म हा माणसामाणसांतील व्यवहारात पाहिला आहे. त्या कसोटीला आमची ती पहाटेची बैठक उतरली नाही, हे उघड आहे.

तंत्र सोडायचे कधी? तथागतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला. पैलतीरी पोचल्यावर तराफा डोक्यावर घेऊन कोणी हिंडत नाही. पण आपण खाडीकाठची माणसे. होडी मध्यावर असताना कोणी उतरत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. सकाळ-संध्याकाळची बैठक म्हणून चालूच ठेवावी.

विहारातील सामूहिक बैठकीनंतर आम्ही काहीजण एक प्रयोग करतो. घंटा वाजल्यावर लगेच गप्पा सुरू करीत नाही. चपला घालताना, पायऱ्या उतरताना, रस्त्यापर्यंत जाताना पावलांकडे लक्ष ठेवतो आणि पहिला माणूस भेटेल त्याच्याशी बोलताना अंगात काय उठते ते पाहतो. पहिले काही दिवस रस्ता येईपर्यंत विसर पडतो. मग विहाराच्या पायरीपासून पुन्हा सुरू करतो.