आधी समुद्र, मग किल्ला

आपल्याकडे सहल ठरते ती शाळेच्या सुट्टीवरून. आमचीही तशीच ठरली. मे महिन्याची अखेर, श्रीलंका, गॉलचा किल्ला आणि तिथून हाकेच्या अंतरावर उनावटुनाला स्कूबा. टूरवाल्याने छापील कागदावर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बसवून दिल्या होत्या.

किल्ल्याने मन भरलं. १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी उभारायला घेतलेला, १६४० मध्ये डचांनी जिंकून भक्कम केलेला, १७९६ मध्ये इंग्रजांकडे गेलेला, आणि तरी आजही नांदता. आत कोर्ट आहे, मशीद आहे, चर्च आहे, अंगणात वाळत घातलेले कपडे आहेत. २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या शहराची दैना झाली. तटाच्या आतली वस्ती बरीचशी वाचली. तटावर कठडा मात्र बहुतेक ठिकाणी नाही, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. फ्लॅग रॉकवरून बक्षिसीसाठी समुद्रात उड्या मारणारी स्थानिक पोरं दिसतात. खालचा खडक न् खडक त्यांना ठाऊक असतो, आपल्याला नाही.

त्याच तटावरून समुद्र बघितला तेव्हाच खरं तर उत्तर मिळालं होतं. लाटा बुरुजावर फुटत होत्या, पाणी चहासारखं झालं होतं. उनावटुनातली बहुतेक डायव्हिंग केंद्रं बंद. एकच चालू होतं आणि तिथला माणूस ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत होता. भाच्याला सर्दी होती. ते कुणी विचारलं नाही. तब्येतीचा फॉर्म पुढे सरकवला आणि ‘सगळीकडे नो लिहा’ असं सांगितलं. पाण्याखाली त्याला स्वतःचा हात दिसेना, नाक चोंदल्यामुळे कानातला दाब सुटेना. कळवळत वर आला. डॉक्टरांनी कानाचा पडदा सुजल्याचं सांगून पाणी बंद केलं, आणि उरलेली सहल त्याने किनाऱ्यावर बसून काढली.

म्हणून सांगतो, फॉर्म खरा भरा. दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचं जुनं दुखणं लपवू नका. असं काही असेल तर निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, पैसे बुडाले तरी चालतील. आणि बंद केंद्रांच्या रांगेत एकच उघडं दिसलं, तर ते उघडं का आहे हे वेगळं विचारायला नको.

आता मुद्द्याचं. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद होतात हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, आणि मेमध्ये मालवणला स्कूबा चालतं हेही. तोच हिशेब श्रीलंकेला लावला की फसगत होते. नैऋत्य मोसमी वारे तिथे आपल्या आधी पोचतात. मे ते सप्टेंबर गॉलची बाजू खवळलेली असते. पण मधले डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे त्याच महिन्यांत पूर्वेची त्रिंकोमाली निवांत. नोव्हेंबर ते एप्रिल गॉलकडे जा. पावसाळ्यातला गॉलचा समुद्र हे जुनंच दुखणं आहे म्हणा. ‘आव्होंडस्टर’ हे डच जहाज १६५९ च्या जुलैत गॉलच्याच बंदरात नांगर सुटून बुडालं.

पुढे ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीला गेलो आणि समुद्र वेगळाच भेटला. फोर्ट फ्रेडरिक पोर्तुगीजांनी १६२० च्या दशकात कोणेश्वराचं देऊळ पाडून बांधला. खाली स्वामी रॉकच्या पायथ्याशी १९५६ मध्ये माइक विल्सन आणि आर्थर सी. क्लार्क यांना देवळाचे अवशेष पाण्यात सापडले. किल्ला आणि डायव्हिंग इतके एकमेकांत गुंतलेली जागा मला दुसरी माहीत नाही. तिथले कोरीव दगड हलवू नका, उचलू तर नकाच. किल्ल्यात आजही लष्कर आहे, तेव्हा बराकींकडे कॅमेरा रोखू नका. हरणं जवळ येतात. त्यांना वेफर्स घालणारे बहुधा आपलेच लोक असतात. निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जाता येतं. तिथे गुडघाभर पाण्यातही प्रवाळ असतं, त्यावर उभं राहू नका. ते मरतं आणि तळपायही फाटतात.

सगळ्यात कमी बोललं जातं ते नंतरच्या प्रवासाबद्दल. डायव्हिंगनंतर किमान १८ तास, शक्यतो २४, विमान नको. आपल्या टूरमध्ये त्रिंकोमालीनंतर लगेच नुवारा एलिया असतं, म्हणजे साधारण १,९०० मीटरची चढण, आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला घाटही विमानासारखाच. तेव्हा टूरवाल्याकडून क्रम उलटा करून घ्या: आधी डोंगर, मग समुद्र. विम्यात डायव्हिंग धरलंय का तेही लेखी घ्या, साध्या प्रवासविम्यात ते बऱ्याचदा नसतं. आणि डाइव्हनंतरचा तो मोकळा दिवस किल्ल्याला द्या. संध्याकाळी खांदे झाकून, चपला बाहेर काढून, पुन्हा उभ्या राहिलेल्या कोणेश्वराच्या देवळात पूजेलाही थांबता येतं.